चिमणीला चोरून कोण भरवतं

तयार कपड्यांच्या कारखान्यात फाटकाशी एक पडदा लावलेला होता, आणि त्या पडद्याआड बायकांची झडती घेण्याचं काम ती करायची. सुटीची घंटा झाली की शिवणयंत्रांवरच्या बायका रांगेनं यायच्या, एकेक जण आत जाऊन हात वर करायची, आणि हिचे हात काखेपासून घोट्यापर्यंत सरसर फिरायचे. बटणं, चेनी, दोऱ्याची रिळं असलं तर रोजचंच. एकदा तिनं एकावर एक तीन शर्ट घातलेली बाई पकडली होती, तीही हात लावायच्या आधी. "एवढ्या उकाड्यात बाई घाम पुसत नव्हती," असं ती नंतर सांगायची. "हात वर केला असता तर आतली कॉलर दिसली असती ना." कारखान्यात सगळ्या तिला 'एक्स-रे' म्हणायच्या. तोंडावर नाही, पण तिच्या कानांवर येईल इतपत मोठ्यानं.

घरी ती आत्या होती. नवऱ्यानं दुसरीकडे संसार मांडलाय हे कळल्यावर एक ट्रंक उचलून ती धाकट्या भावाकडे आली आणि तिथलीच झाली. त्या प्रकरणामुळे ही अशी संशयी झाली, असं लोक म्हणायचे. तिला ते पटायचं नाही. "उलट आहे," ती म्हणायची, "आयुष्यात एकाच माणसावर मी संशय घेतला नाही, तो हा."

भावाला एकच मुलगी. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणू लागले. ती जगते की नाही या भीतीनं घराची जी झोप उडाली होती, तिची भरपाई पुढे खायला घालण्यात झाली. आई भरवायची, बाप येताना पुडे आणायचा, आत्या आपल्या ताटातलं उचलून तिच्या ताटात टाकायची. चिमणीही कुणाचं मन मोडायची नाही. अकरा वर्षांची होईपर्यंत ती चांगलीच जाडजूड झाली होती. नाव मात्र तेच राहिलं, आणि त्यावर ओळखीपाळखीचे लोक हसले तर चिमणी स्वतःही हसायची.

त्या वर्षी चिमणीच्या पायांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. आत्याच्या मनात लगेच पाल चुकचुकली. कुणीतरी पोरीला मारतंय. ती तडक शाळेत गेली, वर्गशिक्षिकेला बाहेर बोलावलं आणि चिमणीच्या बाकावर कोण बसतं, मधल्या सुटीत ती कुठे असते, सगळं खोदून खोदून विचारलं. शिक्षिका बिचारी गोंधळून गेली. "ती हल्ली पळतच नाही हो," एवढंच ती म्हणाली. "भिंतीला टेकून बसते."

मग ताप आला तो जाईना. दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, आणि अहवाल आल्यावर फोनवर काही न सांगता भावाला समोर बोलावून घेतलं. तिथून मोठं हॉस्पिटल. रक्ताचा कर्करोग.

भाऊ खुर्चीत बसल्या बसल्या खचला. भावजय पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली. आत्या तेवढी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे टक लावून होती. आखूड केसांच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या त्या. मुलांमधला हा आजार पुष्कळदा बरा होतो, औषधं लांबलचक चालतात, पण मुलं शाळेत परत जातात, असं त्यांनी सांगितलं. मग कागदांवरून नजर उचलून त्या म्हणाल्या, "एक गोष्ट आणखी आहे. हिचं वजन उंचीच्या मानानं बरंच जास्त आहे. पहिल्या महिन्यात आपल्याला ते वाढू द्यायचं नाही. जमलं तर थोडं उतरवायचंय."

"म्हणजे आम्ही खाऊ घातलं म्हणून झालं, असं म्हणायचंय तुम्हाला?" आत्यानं विचारलं.

"नाही. हा आजार कुणी खाऊ घातल्यानं होतो असं मी म्हणत नाहीये. मी उपचारांबद्दल बोलतेय." त्यांनी पेन खाली ठेवलं. "चरबी म्हणजे नुसता साठा नसतो. त्या पेशी काम करत असतात. आजारी पेशी त्यांच्या आसऱ्याला जातात असं दिसलंय. तिथे त्यांना पोसणारं काहीबाही मिळतं, आणि काही औषधं चरबीतच मुरून राहतात, पाहिजे तिथे कमी पोचतात. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये पहिल्या महिन्यानंतर आजार थोडा शिल्लक राहण्याचं प्रमाण जास्त आढळतं. सगळ्यांमध्ये नाही. पण आढळतं."

"मग उपाशी ठेवायचं?"

"उपाशी अजिबात नाही. मोजून, विचार करून. आणि रोज चालवायचं, तिला झेपेल तेवढं."

बाहेर आल्यावर आत्या भावाला म्हणाली, "आजारी पोराला कमी खायला घाला म्हणणारी डॉक्टर मी जन्मात पहिल्यांदा बघतेय. काहीतरी काळंबेरं आहे."

कारखान्यातून रजा घेऊन ती वॉर्डात ठाण मांडून बसली. भावजयीला घरचंही बघायचं होतं, भावाची नोकरी होती. आत्या पहिले काही दिवस हॉस्पिटलवरच पाळत ठेवून होती. सलाईनच्या बाटलीवरचं नाव वाचायची. नर्सनं सुई बदलली की पाकीट आपल्यासमोर फाडलं का, ते बघायची. आणि जेवणाची ट्रॉली आली की तिचे डोळे शेजारच्या पलंगाकडे जायचे.

शेजारी चिमणीहून लहान एक मुलगी होती. तोच आजार, पण अंगावर मांस म्हणून नाही. चिमणीनं तिचं नाव पेन्सिल ठेवलं होतं आणि त्या पोरीला ते आवडलंही होतं. पेन्सिलच्या ताटात दोन अंडी, लोण्यात परतलेले बटाटे, वर दुधाची वाटी. चिमणीच्या ताटात एक अंडं, उकडलेल्या भाज्या, थोडी डाळ आणि चमचाभर भात.

"त्यांची ओळख आहे का कुणाशी आत?" आत्यानं डाएटवालीला गाठून विचारलं. डाएटवाली म्हणजे आहार ठरवणारी, चष्मा सतत कपाळावर सरकवणारी तरुण मुलगी.

"ओळख कसली, मावशी. तिचं वजन उतरत चाललंय. तेही वाईटच. अंगात काही नसेल तर औषधं झेपत नाहीत. तिला चढवायचंय, हिला आवरायचंय."

आत्याला हे उत्तर फार सोपं वाटलं, आणि सोप्या उत्तरांवर तिचा विश्वास नसे. पण दुसऱ्या दिवशी तिनं आणखी दोन नर्सना, वॉर्ड झाडणाऱ्या बाईला आणि खुद्द डॉक्टरीणबाईंना वेगवेगळं गाठून तेच विचारलं. चौघींनी एकच सांगितलं, आणि तेही एका साच्यातून काढल्यासारखं नाही, ज्याच्या त्याच्या शब्दांत. तेव्हा कुठे तिनं मान्य केलं. आणि एकदा मान्य केल्यावर ती डॉक्टरीणबाईंपेक्षाही कडक झाली.

तोवर गोळ्यांनी आपला रंग दाखवायला सुरुवात केली होती. पहिल्या महिन्यातल्या त्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पोराला राक्षसासारखी भूक लागते हे सांगितलेलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. चिमणी सकाळी डोळे उघडायची ती खायला मागतच. जेवण झालं की ताट चाटायची. आयुष्यात कधी हट्ट न केलेली पोर "तुम्ही सगळे मला मारून टाकताय" असं म्हणून भिंतीकडे तोंड करून हुंदके द्यायची. आत्या तिच्या पाठीवर हात फिरवत बसायची आणि दगड व्हायची. काकडीचे तुकडे, सूप, पाणी. मग उठवून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत आणि परत.

आणि तरीही वजन वाढलं. रक्तातली साखरही वाढली.

आत्याच्या लेखी प्रश्न मिटला होता. माल बाहेर जातोय म्हणजे कुणीतरी नेतंय, आणि इथे आत येतोय म्हणजे कुणीतरी आणतंय. भेटायला आलेल्या चिमणीच्या मामाला तिनं दारातच थांबवून खिसे दाखवायला लावले. मामा हसला, पण दाखवले. भावाची डब्याची पिशवी ती रोज उलटी करायची. वॉर्ड झाडणाऱ्या बाईच्या बादलीत एकदा डोकावली, त्यावर त्या बाईनं नाक मुरडून फडका तिच्या पायांवरून फिरवला. कुणाकडेही काही सापडलं नाही.

मग एका दुपारी भावजयीनं पाण्याची बाटली काढायला पर्स उघडली, आणि आत्याला आत बिस्किटांच्या पुड्याचा कागद दिसला. रिकामा, घडी घातलेला.

चिमणीला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं भावजयीला बाहेर बाकावर नेलं.

"पुडा कुणी खाल्ला?"

"मी खाल्ला, ताई. बसमध्ये. सकाळपासून पोटात काही नव्हतं."

"कागदाची घडी कोण घालतं?"

"कचरापेटी नव्हती बसमध्ये. म्हणून घातली."

"हे बघ, तू आई आहेस," आत्या शांतपणे म्हणाली. हाच आवाज ती पडद्याआड लावायची. "पोर रडतंय म्हटल्यावर पाझर फुटणारच. मी समजू शकते. तू फक्त कबूल कर, म्हणजे साखर का वाढली ते डॉक्टरांना सांगता येईल."

भावजयीनं पर्स उचलली आणि बाकावर पालथी केली. किल्ल्या, रुमाल, कंगवा, बसची तिकिटं, डोकेदुखीच्या गोळ्या, चिमणीचा लहानपणीचा एक फोटो. "घ्या, तपासा," ती म्हणाली. "अंगावरचं बघायचं असेल तर बाथरूममध्ये चला. मी हात वर करून उभी राहते."

आत्या "नको" म्हणाली नाही. आणि भावजयीला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून भावजय पर्स न घेता यायला लागली. हातात एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी असायची. आत काय आहे ते दारातूनच दिसावं म्हणून. कारखान्यातल्या बायकांना अशाच पिशव्या सक्तीच्या होत्या. आली की ती पिशवी आत्यासमोर टेबलावर ठेवायची, आणि मगच चिमणीच्या कपाळाला हात लावायची. भावानं दोघींची तोंडं बघून काय झालं ते विचारलं. दोघींनीही कानांवर हात ठेवले.

साखर मात्र वाढतच होती. इन्सुलिनची सुई सुरू झाली. आता आत्या चक्रावली. भावजय काही आणत नाही हे तर स्वच्छ दिसत होतं. मग कोण?

शेजारच्या पलंगावर त्या दिवसांत आनंद होता. पेन्सिलची आई जरा सावरली होती. "देवानं ऐकलं हो," ती आत्याला म्हणाली. "घासभरही न खाणारी माझी पोर आता ताट स्वच्छ करते." तिनं ताट दाखवलं. खरंच, लख्ख होतं.

आत्यानं ताटाकडे पाहिलं, मग पोरीकडे. मनगटं आधीपेक्षा बारीक दिसत होती. ज्याला अन्नाचा वास नको होतो, तो जेवला तर चिवडून, सांडून, उष्टं टाकून जेवतो. असं पुसून ठेवल्यासारखं ताट भुकेल्याचं असतं.

त्या दुपारी पेन्सिलची आई कपडे धुवायला गेली तशी आत्या खुर्चीत मान टाकून डुलक्या घेऊ लागली. पापण्यांच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं. पेन्सिल पलंगावरून उतरली. सलाईनचं स्टँड तिनं असं हळूहळू ढकललं की चाकांचाही आवाज झाला नाही. दुसऱ्या हातात कागदी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. चिमणीनं चादर वर केली. दोन अंडी आणि बटाटे चादरीखाली गेले, आणि चिमणी भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली. पेन्सिल पहाऱ्याला उभी राहिली. आत्याकडे पाठ करून, कारण तिच्या मते धोका दाराकडून होता.

इतक्या वर्षांत आत्यानं कितीतरी जणींना रंगेहाथ पकडलं होतं. पकडताना हातात एक जोर यायचा, तो आज आला नाही. ती डोळे उघडून नुसती म्हणाली, "सावकाश खा, ठसका लागेल."

पेन्सिल जागच्या जागी थिजली. चिमणीचा घास गालातच राहिला. तोच गाल फुगलेला ठेवून ती म्हणाली, "तिचा काही दोष नाही, आत्या. ती जेवली नाही की तिची आई बाथरूममध्ये जाऊन रडते. आणि मला तर भूकच भूक लागते. मग दोघींचंही काम होतं ना."

आत्यानं पेन्सिलला उचलून तिच्या पलंगावर नेऊन ठेवलं. काही वजनच लागलं नाही हाताला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "साखर यामुळेच वाढली ना?" आत्यानं विचारलं.

"यानं भर पडली. पण मुख्य कारण औषधंच. त्या गोळ्या साखर वाढवतात, आणि ज्या इंजेक्शननं आपण आजारी पेशींचं खाणं तोडतो, तेही शरीराची साखर सांभाळायची ताकद कमी करतं. एक दाणा जास्तीचा पोटात गेला नसता तरी साखर वाढलीच असती बहुतेक."

"कुणी काही आणलं नसतं तरी?"

"तरी."

आत्या उठली आणि पेन्सिलच्या आईला सांगायला गेली, कारण ते सांगणं भागच होतं. त्या बाईनं शेवटपर्यंत ऐकलं. तिचा चेहरा आधी पडला, मग आवळला गेला. "म्हणजे माझ्या लेकीच्या तोंडचं तुमच्या लेकीनं खाल्लं," ती म्हणाली. "आणि तुम्ही चोवीस तास तिथे बसून तुम्हाला दिसलं नाही? तुम्हाला?" तिनं दोन पलंगांमधला पडदा ओढून घेतला. तो पुन्हा कधी उघडला नाही. पेन्सिलला नाकातून नळी घालून अन्न द्यायला लागले. चिमणीला तेवढंच अन्न जास्त वेळा विभागून मिळू लागलं. पडद्याखालून दोघींची पावलं एकमेकींना दिसायची, आणि चिमणी मुद्दाम अंगठे हलवायची. पलीकडचेही हलायचे.

महिना संपल्यावर कंबरेच्या हाडातून मगज, म्हणजे जिथे रक्त बनतं तो गर, काढून तपासला. आजार बराचसा गेला होता, पण पुरता नाही. थोड्या पेशी शिल्लक होत्या. औषधं आणखी जहाल करावी लागणार होती.

"त्या खाण्यामुळे?" भावानं विचारलं. "की आधीच्या वजनामुळे? आम्ही लहानपणापासून..."

"मला सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजनाचा हात असेल. आजाराचा स्वभावही असेल. चार दिवसांच्या अंड्या-बटाट्यांनी हे झालं असं म्हणायला मी तयार नाही. एका मुलीच्या बाबतीत कुणीच बोट दाखवून सांगू शकत नाही."

बोट दाखवता येत नाही, ही गोष्ट आत्याच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हती. त्या रात्री भावाला चिमणीजवळ ठेवून घरी जाताना बसमध्ये ती आणि भावजय शेजारी बसल्या. भावजयीच्या मांडीवर ती पारदर्शक पिशवी होती.

"उद्यापासून पर्स आण," आत्या म्हणाली.

"सवय झाली आता."

भावजय म्हणाली, "तो पुडा खरंच मी खाल्ला होता."

"माहीत आहे."

"आता कळलं म्हणून म्हणताय."

"नाही. त्याच दिवशी कळलं होतं. खोटं बोलणारी बाई माझ्याकडे बघत नाही. तू सरळ बघत होतीस."

भावजयीनं मान वळवली. "मग का केलंत तसं?"

आत्याला या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन थांबे लागले. "कुणीतरी सापडायला पाहिजे होतं," ती शेवटी म्हणाली. "पोरीच्या रक्तात शिरलं त्याची मला झडती घेता येत नव्हती. तू समोर होतीस."

भावजय रडली नाही की तिनं माफही केलं नाही. "असं पुन्हा करू नका," एवढंच म्हणाली. त्यानंतरही ती पिशवीच आणत राहिली, पावसाळा उलटून गेला तरी. एके दिवशी पर्स घेऊन आली तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

पुढचे महिने खडतर होते. जहाल औषधांनी चिमणीचं तोंड सोललं. भुकेनं रडणारी पोर आता पाणीही गिळेना, आणि जी आत्या घास मोजायची, ती आता एकेका चमच्यासाठी गोष्टी रचू लागली. पुढच्या तपासणीत मगज स्वच्छ आला. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला तेव्हा आत्यानं वरचं नाव, वय आणि नोंदणी क्रमांक चिमणीच्या मनगटावरच्या हॉस्पिटलच्या पट्टीशी ताडून पाहिला. डॉक्टरीणबाई हसल्या. "बरोबर आहे, मीही पाहिलाय," त्या म्हणाल्या.

पेन्सिलला मधेच तिच्या आईनं दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं. जाताना निरोप घेतला नाही. चिमणी विचारत राहायची, म्हणून आत्यानं नर्सना विचारलं, खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. दुसऱ्या पेशंटचं आम्ही सांगत नाही, असं सगळे म्हणाले. त्यांना माहीत आहे आणि ते लपवताहेत, असं आत्याला वाटतं. कधी वाटतं, त्यांनाही माहीत नसेल. यातलं कुठलं जास्त बरं, हे तिला ठरवता येत नाही.

गोळ्यांचं लांबण संपलं, इन्सुलिनची सुई त्याआधीच सुटली होती. चिमणी आता शाळेच्या वरच्या वर्गात आहे. गोल आहे अजून, पण धावते. तिच्या पायांवर कुठे डाग दिसला की आत्या आधी तिला काही विचारत नाही. बोटानं दाबून बघते, मग भावजयीला हाक मारते, आणि दोघी उजेडात धरून पुन्हा बघतात. आतापर्यंत तो दर वेळी नुसता टेबल लागल्याचा निघालाय. तरी दोघींचाही त्यावर लगेच विश्वास बसत नाही.